गोळे वळायचे कोणी?

स्वीडनमधल्या किराणा दुकानांत खिम्याच्या तयार गोळ्यांची पाकिटे फ्रीजरमध्ये रचलेली असतात. कामाच्या दिवशी घरी परतल्यावर एका शेगडीवर लोण्यात गोळे परतायचे, दुसरीवर मॅकरोनी उकडायची, ताटात केचप नाहीतर लिंगनबेरीचा मुरंबा घ्यायचा, की पोरांसकट सगळ्यांचे जेवण होते. सणासुदीला याच पदार्थासाठी घरच्या कृतीचा आग्रह धरला जातो, पण एरवी पाकीटच कामाला येते. ही सोय शीतयंत्राने आपल्याला दिली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मला ती अपुरी वाटते. रोजच्या संध्याकाळचा स्वयंपाक कोणी करायचा, हा विसाव्या शतकातल्या स्वीडनमध्ये उघडपणे चर्चिला गेलेला राजकीय प्रश्न होता. त्याला निदान दोन उत्तरे पुढे आली होती. गोठवलेला मीटबॉल हे त्यांतले टिकलेले उत्तर आहे, आणि ते का टिकले हे केवळ तंत्रज्ञानाच्या इतिहासातून कळत नाही.

आधी परंपरेचा मुद्दा उरकू, कारण पहिला आक्षेप तिथूनच येतो. कारखान्यातले गोळे म्हणजे आजीच्या हातच्या चवीचा ऱ्हास, असे म्हणणारे तिथेही पुष्कळ आहेत. पण आजीची चव किती जुनी? पोल्टावाच्या लढाईतल्या पराभवानंतर स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स ऑटोमन मुलखात काही वर्षे अडकून पडला होता आणि तिथूनच त्याने ही कृती आणली, असे 2018 साली स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्याने जाहीर केले आणि जगभर गंमत उडाली. त्या कथेला पुरावा तोकडा आहे. छापील पुरावा मिळतो तो काइसा वार्ग या कारभारणीच्या 1755च्या पाकपुस्तकात. तेव्हा मांस सुरीने बारीक करावे लागे, म्हणजे हा पदार्थ नोकरचाकर असलेल्या घरांचा होता. तो साध्या घरात उतरला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, लोखंडी चूल आणि हाताने फिरवायचे खिम्याचे यंत्र आल्यावर. हुस्कवार्ना हा मूळचा बंदुकांचा कारखाना. त्याने ही ओतीव लोखंडाची यंत्रे लाखोंनी विकली. म्हणजे ज्याला अस्सल घरगुती म्हणायचे तो गोळाही कारखान्याच्या ओतशाळेतून घरात आलेला आहे. कष्टाचा एक हिस्सा यंत्राने उचलला, म्हणूनच तो घरगुती होऊ शकला.

गोठवण्याच्या दृष्टीने तर हा पदार्थ जणू मुद्दाम घडवलेला. मांस सावकाश गोठले की त्यातल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि वितळताना रस गळून जातो. झटपट गोठवले तर स्फटिक बारीक राहतात. लॅब्रेडॉरच्या थंडीत इन्युइट लोकांचे मासे बाहेर काढताच कसे गोठतात ते क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकी माणसाने पाहिले, त्यावरून यंत्र तयार केले, आणि 1930च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शहरात गोठवलेला माल किरकोळ दुकानांत विकायला ठेवला गेला. अख्ख्या मांसाच्या तुकड्याचे गोठवताना जे नुकसान होते ते खिम्याचे फारसे होत नाही, कारण त्याची वीण आधीच मोडलेली असते, आणि पाव व दूध त्यातला ओलावा धरून ठेवतात. गोळा लहान, म्हणून गाभ्यापर्यंत लवकर गोठतो. एकेक सुटा गोठवला तर पाकिटातून हवे तेवढेच काढता येतात. आधीच शिजलेला असल्याने फक्त गरम करायचा उरतो. उकडलेले अंडे गोठवले तर पांढरे चिवट होते, उकडलेला बटाटा भुसभुशीत पडतो. मीटबॉलचे असे काही होत नाही. तरीही या गुणांवरून एवढेच सिद्ध होते की तो गोठवता येत होता. तो घरोघरी गोठवलेला का खाल्ला गेला, हे त्यातून निघत नाही.

त्यासाठी 1932 सालाकडे जायला हवे. पुढे शांततेचे नोबेल मिळवणाऱ्या आल्वा मिर्दाल यांनी त्या वर्षी ‘तीदेन’ या समाजवादी नियतकालिकात सामूहिक वस्तीवर लेख लिहिला. त्यात उदाहरण घेतले होते ते नेमके मीटबॉलचेच. एका इमारतीत वीस कुटुंबे आपापल्या घरात आपापले गोळे तळत बसतात आणि मुले आपापल्या खोलीत कोंडलेली असतात. या उधळपट्टीवर सामूहिक तोडगा नको का, असा त्यांचा रोख होता. तीन वर्षांनी तो तोडगा प्रत्यक्षात उभा राहिला. स्व्हेन मार्केलियस या वास्तुविशारदाने स्टॉकहोमच्या कुंग्सहोल्मेन भागात सामूहिक गृह बांधले. तळमजल्यावर एकच मोठे स्वयंपाकघर, भोजनगृह आणि पाळणाघर. वर पन्नासहून अधिक छोटे फ्लॅट, आणि त्यांत जेमतेम ओटा. जेवण खालून छोट्या लिफ्टने वर येई आणि खरकटी भांडी त्याच वाटेने खाली जात. स्वयंपाक करणारी माणसे पगारी होती. कष्ट नाहीसे करण्याचा दावा इथे कोणी केला नव्हता, ते घरातल्या बाईच्या अंगावरून काढून उघड्या हिशेबात आणायचे होते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक प्रयोग आहे. तो सामान्य कामगारांपर्यंत मात्र पोचला नाही. इथे राहायला आले ते बहुतांशी सुशिक्षित, पुरोगामी, बऱ्या मिळकतीचे लोक. खुद्द मिर्दाल दाम्पत्याने पुढे मार्केलियसकडूनच उपनगरात स्वतःचे स्वतंत्र घर बांधून घेतले, हे जाता जाता सांगायला हवे.

सामूहिक गृहाचा हा विचार पन्नासच्या दशकातही जिवंत होता. स्टॉकहोमजवळच्या हेसेल्बी इथल्या ‘कुटुंब हॉटेला’त भाडेकरूंना भोजनगृहाची कुपने घेणे सक्तीचे होते. ते भोजनगृह 1976 साली बंद पडले. दरम्यान फिंडुससारख्या कंपन्यांनी 1940च्या दशकाच्या मध्यापासून गोठवलेले अन्न बाजारात आणले होते. इथे हटकून सांगितले जाते की बायका नोकरीला लागल्या आणि म्हणून गोठवलेले जेवण आले. सनावळी तसे सांगत नाही. फ्रीजर स्वीडनच्या घरांत शिरू लागला तेव्हा बहुसंख्य विवाहित बायका गृहिणीच होत्या, आणि त्यात त्या स्वतः वेचलेली बेरी, शिकारीचे मांस, घरच्या डुकराचे वाटे ठेवीत. नोकरदार आयांची मोठी लाट साठ-सत्तरच्या दशकांतली. पती-पत्नींची वेगवेगळी कर-आकारणी सुरू झाली तीही 1971 साली. गरज निकडीची झाली तेव्हा सामूहिक स्वयंपाकघर शहरातल्या दोन-चार इमारतींत होते आणि फ्रीजर घरोघरी. निवड जवळजवळ आधीच झालेली होती. शिवाय पाकिटात एक सवलत होती जी कुपनात नव्हती: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाबरोबर जेवायचे हे घरच ठरवी. सक्तीच्या कुपनाला कंटाळलेल्या माणसांना दोष देता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जोअ‍ॅन व्हॅनेक या अमेरिकी अभ्यासिकेने 1974 साली दाखवून दिले की पूर्णवेळ गृहिणी 1920च्या दशकात आठवड्याला सुमारे 52 तास घरकाम करीत आणि 1960च्या दशकात सुमारे 55. म्हणजे यंत्रांनी काहीच वाचवले नाही. रूथ श्वार्ट्‍झ कोवन यांनी 1983च्या ग्रंथात त्याचे कारण दिले: साधने वाढली तशा अपेक्षाही वाढल्या. हे मला मान्य आहे. परंतु याच आकड्यांत नोकरी करणाऱ्या बायकांचे घरकामाचे तास गृहिणींच्या निम्म्याच्या आसपास भरतात. ज्यांना संध्याकाळी खरोखरच वेळ नव्हता त्यांचा वेळ वाचला, हे नाकारण्यात अर्थ नाही. कोवन यांचा मुद्दा खरा ठरतो तो वेगळ्या जागी. पाकीट फोडून गोळे परतायचे कोणी, हे पाकिटावर लिहिलेले नसते. सामूहिक गृहाने तो प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला होता. फ्रीजरने तो हलका केला आणि होता तिथेच ठेवला. तयार गोळ्यांचा एक प्रसिद्ध स्वीडिश छाप ‘मम्मा स्कान’ या नावाने विकला जातो, यात मला योगायोग दिसत नाही. काम कारखान्याकडे गेले तरी श्रेय आणि जबाबदारी दोन्ही आईच्या नावावर राहिली.

कष्ट असे कारखान्याकडे गेल्याची आणखी एक किंमत 25 फेब्रुवारी 2013 रोजी कळली. चेक प्रजासत्ताकाच्या तपासनिसांना आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीच्या गोठवलेल्या गोळ्यांत घोड्याच्या मांसाचा अंश सापडला आणि अनेक देशांतली विक्री तातडीने थांबवावी लागली. मार्केलियसच्या इमारतीत राहणारा माणूस तळमजल्यावर उतरून आज आचाऱ्याने काय घातले ते विचारू शकला असता. पाकीट घेणाऱ्याला आतला माल काय आहे हे दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेने सांगावे लागले.

आयकियाचे दुकान डिसेंबर 2020 मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला आले. त्याच्या भोजनगृहात गोमांस-डुकराऐवजी चिकनचे आणि भाज्यांचे गोळे मिळतात. त्यावरून मराठी शहरी घरेही आता स्वीडनच्या वाटेने जाणार असे भाकीत करायचा मोह होतो. मला ते पटत नाही, कारण आपल्याकडे या प्रश्नाची उत्तरे आधीच वेगळी निघालेली आहेत. गिरणगावातल्या खाणावळी बायका चालवीत. त्याच खाणावळवाल्यांना प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. आज पुण्या-ठाण्यात पोळीभाजी केंद्रे आहेत, घरी येणाऱ्या स्वयंपाकाच्या मावशी आहेत. ही सारी मिर्दाल यांच्या मार्गाजवळची, कष्ट गोठवण्याऐवजी दुसऱ्या माणसाकडे सोपवणारी व्यवस्था आहे. फरक इतकाच की इथले दुसरे माणूसही बहुधा बाईच असते आणि तिच्या पगाराचा, सुट्टीचा हिशेब क्वचितच कागदावर येतो. फ्रीजरमध्ये मटार आहेत, कधी कबाब-नगेट्सही आहेत, पण रोजच्या पोळ्या बहुतेक घरांत अजून कोणीतरी बाईच लाटते.