वाटेत फोडलेली पत्रे

लेखकांचे पत्रसंग्रह वाचताना तो मजकूर वाटेत आणखी कोणी वाचला असेल, हे सहसा आपल्या मनात येत नाही. १८९८च्या टपाल कायद्याच्या २६व्या कलमाने सरकारला सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाखाली पत्रे अडवण्याचा अधिकार दिला. परकी सत्ता गेली, कलम राहिले. १९८६मध्ये संसदेने त्या अधिकाराची व्याप्ती वाढवणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, ते परतही पाठवले नाही; नुसते ठेवून दिले. (राज्यघटनेत यासाठी मुदत नाही, ही उणीव इथे उपकारकच ठरली, असे मला वाटते.) २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तरीही जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३च्या टपाल कायद्यात, ९व्या कलमात, ही तरतूद आहेच.