गाड्यांचा आकडा

वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज-प्लिमथ, मग फियाट बाहेर पडू लागली, हे कुठेही वाचायला मिळतं. माझ्या थोरल्या काकांच्या तोंडी मात्र हा इतिहास इन्सेंटिव्हपासून सुरू व्हायचा. काका बॉडी शॉपमध्ये वेल्डर. ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त काम निघालं की वरचे पैसे मिळायचे. पण तो आकडा किती आणि किती माणसांमागे धरायचा? हिशेबात माणसं कमी धरली, की तेवढ्याच पैशांसाठी हात जास्त चालवावे लागणार. "पगार सगळ्यांना दिसतो, आकडा कुणाला दिसत नाही," काका म्हणायचे.

हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. कारखान्यात दोन युनियन होत्या. एकीने केलेला करार दुसरीच्या सभासदांना मान्य नव्हता. १९७५ मध्ये निकाल लागला : औद्योगिक कायद्याने दिलेल्या हक्कासाठी दिवाणी कोर्टात जाता येणार नाही. म्हणजे आधी औद्योगिक विवाद उभा करायचा, मग सरकार तो न्यायाधिकरणाकडे पाठवतं का, याची वाट बघायची. त्याच वर्षी महाराष्ट्रात मान्यताप्राप्त युनियनचा कायदा लागू झाला. तीस टक्के सभासद असलेल्या युनियनला मान्यता मागता येऊ लागली, आणि आकड्याची बोलणी कोण करणार हे सभासदांच्या पावत्यांवर ठरू लागलं.

काका कामगार नेते आर. जे. मेहतांच्या बाजूचे, शेजारचे अण्णा डॉ. दत्ता सामंतांच्या. दोघे एकाच पाळीला जायचे आणि वाटभर भांडायचे. अण्णा सांगत, "डॉक्टर महागाईचा निर्देशांक बघत नाहीत, कंपनी किती कमावते ते बघतात." काकांना त्यात संपाचा धोका दिसे. मला अण्णांचं पटतं. कमाईतला वाटा मागणं हा कामगाराचा हक्कच आहे. पण काकांची भीतीही पोकळ नव्हती. सामंतांच्या नेतृत्वाखालचा १९८२ चा गिरणी संप त्यांनी शेजारच्या चाळींत पाहिला होता.

१६ जानेवारी १९९७ ला पवईत सामंतांचा खून झाला. त्या दिवशी काका अण्णांच्या घरी जाऊन बसले. पुढे प्रीमियरची पद्मिनी गाडीही बंद झाली. कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे.

कोर्टाचा निकाल छापील मिळतो, शॉपमधला हिशेब मिळत नाही. तुमच्या घरी कुणी प्रीमियरमध्ये असेल, तर त्यांना एवढंच विचारा : गाड्यांचा आकडा कोण ठरवायचं? आणि ते सांगतील ते लिहून ठेवा.