पाड्यावरचे जाणकार आणि विद्यापीठाचा वर्ग

मुंबईच्या उपनगरांत विद्यापीठे आणि आदिवासी पाडे एकमेकांच्या शेजारी आहेत. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ साली देवनारला आली, पवईची आयआयटी १९५८ ची, मुंबई विद्यापीठाचा मोठा परिसर कलिन्याला. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानात आणि त्याला लागून असलेल्या आरेत वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा यांची वस्ती. आरे दूध वसाहत १९४९ मध्ये उभी राहिली, तेव्हा तिथे पाडे होतेच. शेजार इतका जुना असूनही आदिवासी माणूस विद्यापीठात गेला तो अभ्यासाचा विषय म्हणून. जाणकार म्हणून त्याला क्वचितच कुणी बोलावले. आज आदिवासींचे ज्ञान आणि सामाजिक न्याय यांवर अभ्यासक्रम काढले जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण हे दोन्ही विषय एकाच वर्गात, एकमेकांना जोडून शिकवले नाहीत तर जुनीच चूक नव्या नावाने चालू राहील, असे मला वाटते.

ती चूक कशी झाली ते इतिहासात स्पष्ट दिसते. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. त्याची दीर्घकाळ धुरा वाहणाऱ्या गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये आदिवासींच्या भवितव्यावर पुस्तक लिहिले. आदिवासी हे मागासलेले हिंदूच आहेत, अशी त्यांची मांडणी होती, आणि तिचा रोख बराचसा आदिवासींना बाहेरच्या जगापासून जपावे या व्हेरियर एल्विन यांच्या भूमिकेविरुद्ध होता. वाद मोलाचा होता, पण तो आदिवासींचे काय करावे याचा होता. त्यांच्याकडून काय शिकावे, हा प्रश्न त्यात मागेच राहिला. त्याच सुमारास, १९३९ च्या सिमिंग्टन अहवालाने वेठीची आणि लग्नगडी पद्धतीची सरकारदरबारी नोंद केली होती. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनीही त्याच्याकडे राबायचे, अशी ती गुलामी. १९४५ साली के. जे. सावे यांचे वारल्यांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरीला किसान सभेच्या मेळाव्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांसोबत हजारो वारली वेठीविरुद्ध उभे राहिले. देवदेवता, विधी, लग्नाची रीत हे मानववंशशास्त्राकडे गेले. मजुरी, जमीन, वेठ हे चळवळीकडे. माणसे तीच होती, पण त्यांच्याविषयीच्या माहितीची वाटणी झाली, आणि पुढचे अभ्यासक्रम बहुतेक त्या वाटणीवरच उभे राहिले.

या वाटणीला अपवाद सापडतो तो शिक्षणाच्याच क्षेत्रात, आणि तोही विद्यापीठाबाहेर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये त्या डहाणूजवळच्या कोसबाडला गेल्या. वारल्यांची मुले दिवसभर गुरांमागे असतात, ती शाळेत येणार कशी? मग शाळाच कुरणात गेली आणि तिचे नाव कुरणशाळा पडले. गुरे चरत आणि मुले खडे, बिया, पाने मांडून मोजणी शिकत. भोवतालच्या रानाचीच तिथे पाटी झाली. शिकवणाऱ्या स्त्रिया बाहेरून आलेल्या होत्या, हे खरे. तरीही मुलाला जे आधीपासून येते तिथून सुरुवात करायची आणि त्याचे काम त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायचे नाही, ही दृष्टी त्यांनी प्रत्यक्षात आणून दाखवली. अध्यापक विद्यालयांत कोसबाड आज पाच गुणांच्या टिपेपुरते उरावे, याचे मला फार वाईट वाटते.

हे दोन्ही विषय जोडून शिकवण्यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की यातून रोमँटिकपणा बोकाळेल, श्रद्धेलाच ज्ञान म्हणतील. आक्षेप गंभीर आहे. वाघोबाचे उदाहरण घेऊ. पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत, वाघबारसेला त्याची पूजा होते; तरीही आरेत बिबट्याने माणसांवर हल्ले केलेच आहेत. पूजा संरक्षण देत नाही. पण बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडल्याने हल्ले कमी होण्याऐवजी वाढतात, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातील अभ्यासातून पुढे आले. जनावर इथलेच आहे, त्याला हद्दपार न करता अंतर राखून जगायचे, हे पाड्यांनी आधीच गृहीत धरलेले होते. वर्गात दोन्ही ठेवावे आणि पारखावे. पारख झाली की भाबडेपणा आपोआप गळतो. दुसरा आक्षेप पाड्यातूनच येतो: आमच्या मुलांना नर्सिंग, इंजिनिअरिंग हवे, जडीबुटी नको. त्यांचे बरोबर आहे. म्हणूनच हा अभ्यासक्रम आधी भावी शिक्षक, वकील आणि वनाधिकारी यांच्यासाठी हवा.

तिसरा आक्षेप पदवीचा. पदवी नसलेला माणूस विद्यापीठात शिकवणार कसा? कायद्याने मात्र या बाबतीत विद्यापीठाच्या पुढे पाऊल टाकले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार दावेदार नसलेल्या ज्येष्ठांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन पुरावा म्हणून चालते; विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांच्या खुणाही चालतात. म्हणजे विहीर कुणी खणली हे सांगणाऱ्या म्हातारीची आठवण थेट जमिनीच्या हक्काला भिडते. ज्ञान आणि न्याय इथे एकाच कागदावर येतात. विद्यापीठांतही नव्या शैक्षणिक धोरणानंतर भारतीय ज्ञान प्रणाली हा विषय आला, पण ज्याची पोथी आहे ते त्यात सहज शिरते, आणि ज्याचे गाणे आहे ते बाहेर राहते. वारली लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि लग्न लावणारी स्त्री, म्हणजे धवलेरी, विधीची गाणी म्हणते. चौकाची नक्षी कला महाविद्यालयांत पोचली, धवलेरी नाही. वास्तविक विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही तरतूद करताना औपचारिक पदवीची अट ठेवलेली नाही. तिचा वापर उद्योगांतल्या अधिकाऱ्यांपुरता ठेवायचे कारण नाही. धवलेरीला वर्गात आणायचे तर इतर प्राध्यापकांइतकेच मानधन द्यावे लागेल, तिच्या भाषेत शिकवू द्यावे लागेल, आणि कोणते गाणे लग्नाबाहेर म्हणायचे नाही हे ठरवण्याचा अधिकार तिचा आणि तिच्या पाड्याचा राहील.