भरती धरून महाडला

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि पर्यटनाच्या जाहिरातींत एक छायाचित्र आपण अनेकदा पाहतो. निळाशार भूमध्य समुद्र, मागे ग्रीसचे एखादे खडकाळ बेट आणि पुढे एकट्या माणसाची चिंचोळी होडी. या होडीला कयाक म्हणतात. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांनी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवली आणि शिकारीसाठी वापरली. आज ती प्लॅस्टिकची असते. दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे दोन्ही बाजूंनी मारत माणूस या बेटावरून त्या बेटावर जातो आणि आठवड्याची सुट्टी घालवतो.

हे चित्र पाहिले की आम्हाला एक प्रश्न पडतो. हीच कयाक बाणकोटच्या खाडीत उतरवली आणि सावित्री नदीतून महाडपर्यंत जायचे ठरवले, तर भूमध्य समुद्रात सराव केलेल्या माणसाला काय नव्याने शिकावे लागेल? वल्हे मारणे त्याला येते, वाऱ्याचा अंदाजही येतो. पण एक गोष्ट त्याला येत नसण्याचा संभव आहे आणि तिच्यावाचून आपल्या खाडीत पान हलत नाही. ती म्हणजे भरती-ओहोटी.

दोन समुद्र, दोन स्वभाव

भूमध्य समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. अटलांटिक महासागराशी त्याला जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी अरुंद जागी जेमतेम चौदा किलोमीटर रुंद आहे. महासागरातली भरतीची लाट एवढ्या फटीतून आत शिरणार किती? त्यामुळे काही थोडे भाग सोडले तर तिथे भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक हातभरसुद्धा नसतो. सकाळी होडी जिथे बांधली, तिथेच ती संध्याकाळी तरंगत असते.

कोकण किनारा मात्र अरबी समुद्राला थेट तोंड देऊन उभा आहे. मुंबईला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटर किंवा त्याहून अधिक फरक पडतो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो, तरी बाणकोटला पुरुषभर पाणी सहज चढते-उतरते.

भूमध्य समुद्रावर वाढलेल्या माणसांची या फरकाने कशी त्रेधा उडाली, याची नोंद इतिहासात आहे. इ. स. पूर्व ३२५ मध्ये सिकंदराचे आरमार सिंधू नदीच्या मुखाजवळ पोहोचले. ओहोटी लागली आणि तरंगणारी जहाजे चिखलात बसली. सैनिक चक्रावून गेले. काही तासांनी पाणी परत चढले, जहाजे उचलली गेली आणि काही एकमेकांवर आदळून मोडली. ॲरियन या इतिहासकाराने हा प्रसंग वर्णिला आहे.

त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे प्रवासमार्गदर्शक लिहिले. भडोचच्या खाडीतली भरती किती वेगाने येते, जहाजे कशी उलटतात, हे त्याने सविस्तर सांगितले आहे. परदेशी जहाजांना वाट दाखवायला तिथल्या राजाच्या नोकरीतले मच्छीमार आपल्या होड्या घेऊन समुद्रात पुढे जात. भरती आली की जहाज ओढून आत न्यायचे, ओहोटी लागली की ठरावीक खोल जागी नांगर टाकून थांबायचे. म्हणजे रोमन साम्राज्याचे सोने घेऊन आलेले भले मोठे जहाजही शेवटच्या टप्प्यात स्थानिक होडीवाल्याच्या ज्ञानावर अवलंबून होते.

गाव तिथेच का वसले?

आता महाडचा नकाशा समोर घ्या. सावित्री महाबळेश्वरला सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर उगम पावते. पश्चिमेला ती कड्यांवरून झेपावते आणि पोलादपूरजवळ खाली येते. तिथे तिचे पात्र दगडगोट्यांचे आहे. पुढे महाडला गांधारी नदी तिला मिळते आणि मग दासगाव, आंबेत, म्हाप्रळ असे करत ती बाणकोट आणि हरिहरेश्वर यांच्यामध्ये समुद्राला मिळते.

समुद्राची भरती खाडीतून वर चढते ती महाडपर्यंत. पोलादपूरला ती पोहोचत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर वरंधा घाटाची वाट भोरकडून महाडला आणि महाबळेश्वराकडची वाट पोलादपूरवरून महाडला उतरते. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून इथवर यायचा आणि इथून होडीत चढायचा. मीठ, नारळ, सुकी मासळी उलट दिशेने जायची. मोठी गलबते खाडीत खालीच थांबत आणि लहान होड्या भरती धरून वर येत. जिथे भरती संपते आणि घाटवाट सुरू होते, त्या सांध्यावर बाजारपेठ वसली. तिचे नाव महाड.

हा नियम एकट्या महाडचा नाही. वाशिष्ठीवरचे चिपळूण, राजापूर, अंबा नदीवरचे नागोठणे, उल्हास नदीवरचे कल्याण ही सारी गावे समुद्रापासून आत आहेत आणि तरीही ती बंदरे होती. विद्यार्थ्यांना नकाशात ही गावे शोधायला सांगा. ‘बंदर म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरचे गाव’ ही त्यांची समजूत तिथल्या तिथे दुरुस्त होईल.

महाडच्या उत्तरेला गांधारपाले इथे डोंगरात जवळजवळ तीस बौद्ध लेणी आहेत. तिथल्या शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित या स्थानिक राजपुत्राचे नाव येते. अशी लेणी बहुधा व्यापारी मार्गांच्या कडेला कोरली गेली. पेरिप्लसमध्ये चौलच्या पुढच्या बंदरांत ‘पालेपत्मे’ असे एक नाव आहे. काही अभ्यासकांच्या मते ते हेच पाले, तर काहींच्या मते ते दाभोळ होय. वाद बाजूला ठेवला तरी लेणी, खाडी आणि घाटवाट यांची एकाच ठिकाणी पडलेली गाठ पुरेशी बोलकी आहे. पुढे १७५६ च्या तहाने पेशव्यांकडून इंग्रजांना बाणकोटचा किल्ला मिळाला आणि त्यांनी त्याचे नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ ठेवले. खाडीच्या मुखावर बसलेला माणूस आतल्या व्यापारावर नजर ठेवू शकतो, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

तिथीचे गणित

आपल्या कयाकवाल्याकडे परत येऊ. बाणकोट ते महाड हे अंतर खाडीच्या वळणांनी पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते. समजा, तो स्थिर पाण्यात ताशी ५ किलोमीटर वेगाने जातो आणि भरतीच्या प्रवाहाचा वेग ताशी ३ किलोमीटर आहे. भरतीबरोबर गेला तर त्याचा वेग ताशी ८ किलोमीटर होईल. भरती साधारण सहा तास चालते, तेवढ्यात तो ४८ किलोमीटर, म्हणजे महाडच्या वेशीपर्यंत पोहोचेल. ओहोटीच्या विरुद्ध निघाला तर ताशी २ किलोमीटर. सहा तासांत फक्त १२! प्रत्यक्षात प्रवाहाचा वेग जागोजागी बदलतो, पण गणिताचा मथितार्थ बदलत नाही. शक्ती तीच, होडी तीच. निघण्याची वेळ तेवढी वेगळी.

ही वेळ काढायला आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांजवळ एक साधी युक्ती आहे. तिथीला पाऊणने गुणायचे. येणारी संख्या म्हणजे बारानंतर तितक्या तासांनी पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर ४ × ¾ = ३, म्हणून दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास. अमावास्या व पौर्णिमेला बाराच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे.

यामागचे शास्त्र सोपे आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. ५० मिनिटे म्हणजे पाऊण तासाहून थोडे अधिक. तोंडी हिशेबाला पाऊण पुरते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांचे ओढणे एकत्र होते आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, तेव्हा भरती कमी चढते. तिला भांगाची भरती म्हणतात. हा ठोकताळा मुंबईच्या आसपास चांगला लागू पडतो. त्यात तासाभराची चूक होऊ शकते, हे मात्र लक्षात ठेवावे.

२५ डिसेंबर १९२७

या युक्तीचा उपयोग करून आपण एक ऐतिहासिक प्रवास तपासून पाहू या.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. खरे तर मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला. खाडीतून भरतीबरोबर खारे पाणी वर येते, म्हणून खाडीकाठच्या गावांत गोड्या पाण्याच्या तळ्याविहिरींना मोल असते. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना मज्जाव होता. पाणी प्यालेल्या लोकांना त्या दिवशी मारहाण झाली. म्हणून डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरवण्याचे ठरले.

मुंबईहून महाडला यायचा नेहमीचा मार्ग बोटीने धरमतर आणि तिथून मोटारीने असा होता. पण मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला आणि गाडीत घेतलेच नाही, तर? धरमतरहून महाड पायी गाठणे अवघड होते. म्हणून बाबासाहेबांनी दुसरा मार्ग निवडला. सुमारे दोनशे प्रतिनिधींसह ते २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले आणि जलमार्गाने दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव बंदरात उतरले. दासगावहून महाड पाच मैल. कोणी गाडी दिली नाही तरी पायांनी जाता येईल इतके अंतर. बंदरावर सत्याग्रही वाट पाहत होते, तिथून मिरवणूक महाडला गेली. त्याच रात्री परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले.

आता गणित करा. २४ डिसेंबर १९२७ रोजी आपल्याकडून न दिसणारे खंडग्रास सूर्यग्रहण झाले होते. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते. म्हणजे २५ तारखेला शुद्ध प्रतिपदा. १ × ¾ = पाऊण. पूर्ण भरती दुपारी पाऊणच्या सुमारास, आणि तीही उधाणाची! बाणकोटला भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, पण खाडीतून दासगावपर्यंत चढायला तिला वेळ लागतो, तेव्हा हा अंदाज फारसा चुकणार नाही. सकाळी खाडीच्या मुखातून आत शिरायचे आणि चढत्या पाण्याबरोबर दुपारी दासगावला लागायचे, हा त्या दिवसाचा निसर्गाने आखून दिलेला वेळ होता. परिषदेची तारीख तिथी पाहून ठरली असे आम्ही म्हणत नाही. पण बोट चालवणाऱ्या तांडेल-खलाशांना भरती पाहिल्यावाचून दासगाव गाठता आले नसते, हे नक्की. रस्ता ज्यांच्या हातात होता ते माणसाला जात विचारू शकत होते. भरती कुणाला काही विचारत नाही.

पूल आला, बंदर गेले

दुसऱ्याच वर्षी, १९२८ मध्ये, महाड आणि पोलादपूर यांच्यामध्ये सावित्रीवर दगडी पूल झाला. मुंबई-गोवा रस्ता वाढत गेला आणि खाडीतली वाहतूक घटत गेली. पाण्याकडे तोंड करून बसलेले गाव हळूहळू रस्त्याकडे तोंड करून बसले. त्यात नवल नाही, गाडी भरतीची वाट पाहत नाही. मात्र वाहतुकीबरोबर भरतीचे रोजचे भानही गेले.

नदीने आपला हिशेब सोडला नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात तोच पूल कोसळला आणि वाहनांसह माणसे वाहून गेली. शोध खाडीच्या मुखापर्यंत आणि समुद्रकिनाऱ्यावरही घ्यावा लागला. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पुरात बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. सावित्रीच्या उगमाशी, महाबळेश्वरला, २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता.

पूर पावसाने येतो, भरतीने नव्हे. पण पुराचे पाणी समुद्रात जायचे ते याच खाडीतून. खाली भरती चढत असली तर त्याचा निचरा मंदावतो आणि पात्रात गाळ साचलेला असला तर आणखी. २२ जुलै २०२१ ला आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. १३ × ¾ = ९¾. म्हणजे सकाळी व रात्री पावणेदहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि पौर्णिमा दोन दिवसांवर. या पुरानंतर पात्रातला गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. ज्या भरतीने महाडला बाजारपेठ दिली, तिचा विचार केल्याशिवाय महाडच्या पुराचाही विचार पुरा होत नाही.

शाळेत एक उपक्रम करता येईल. महिनाभर दिनदर्शिकेवर रोजच्या तिथीपुढे भरतीची वेळ पाऊणच्या पद्धतीने लिहायची आणि छापील भरतीच्या वेळांशी ताडून पाहायची. खाडीकाठची शाळा असेल तर धक्क्याच्या दगडावर पाण्याची पातळी सुरक्षित अंतरावरून पाहून नोंदवता येईल. मुलांना पाण्यात मात्र उतरू देऊ नये. महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत, कयाकवाल्यानेही हे ध्यानात ठेवलेले बरे! घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, बोट शेवटची कधी आली होती, माल काय यायचा, निघायची वेळ कशी ठरायची. त्यांची उत्तरे वहीत उतरवून ठेवा. ज्यांनी भरती धरून प्रवास केला अशी माणसे आता थोडी उरली आहेत.