कर्ब कमी होता तेव्हाची ज्वारीची सोय

हवेत कर्बवायू वाढला की पिकं जोमात येणार, असं हल्ली पारावरही ऐकू येतं. अर्धं खरं आहे. पण कोणतं पीक, हे आधी विचारायला पाहिजे, आणि त्यासाठी बरंच मागं जावं लागतं.

पानात कर्बवायू धरणारं एक विकर असतं, रुबिस्को. ते घडलं तेव्हा हवेत कर्ब भरपूर अन् ऑक्सिजन नावालाच. पुढं कर्ब घटला, ऑक्सिजन वाढला आणि हे विकर फसायला लागलं. कर्बाऐवजी ऑक्सिजनच धरून बसतं, उन्हात तर जास्तच. गहू, हरभरा, तूर, सोयाबीन, कापूस हा तोटा आजही सोसतात. साधारण ३ कोटी वर्षांपूर्वी, कर्ब बराच खाली आल्यावर, काही गवतांनी वेगळी सोय केली. आधी दुसऱ्या विकरानं कर्ब गोळा करायचा, मग तो शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन रुबिस्कोपुढं दाटीनं ठेवायचा. ज्वारी, बाजरी, मका, ऊस सगळे याच वाटेचे. आपली हरळीसुद्धा. लव्हाळा तर गवताच्या कुळातला नाही, तरी त्यानंही ही युक्ती स्वतंत्रपणे काढली. (उगाच नाही तो आपल्याला पुरून उरत!)

ही गवतं पसरली मात्र फार नंतर. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवालिकच्या जुन्या मातीचे थर आहेत. त्यातल्या चुनखडीचा कर्ब तपासल्यावर दिसलं, की सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी तिथं या गवतांचं राज्य आलं. ते कर्ब घटल्यामुळं, का कोरडं हवामान अन् वणव्यांमुळं, यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे. माणसाला ही युक्ती कळली ती उसामुळं. १९६५ साली हवाई बेटांवरच्या संशोधकांनी उसाचं वेगळेपण छापलं आणि १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी त्याची उकल केली.

आता उलटं चाललंय. कारखानदारीच्या आधी हवेच्या १० लाख भागांत कर्बवायू २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. झाडांनी याचीही दखल घेतलीय. वुडवर्ड यांनी केंब्रिजला जपून ठेवलेली २०० वर्षांतली झाडांची वाळकी पानं तपासली. पानांवरची छिद्रं सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालेली निघाली (१९८७). छिद्रं कमी म्हणजे पाणीही कमी उडणार.

म्हणून ज्वारीला थेट फायदा थोडाच, कारण तिच्याकडं कर्ब आधीच दाटलेला. ॲरिझोनात १९९८-९९ मध्ये उघड्या शेतात जास्त कर्ब सोडून पाहिला. भरपूर पाणी दिलेल्या ज्वारीत उत्पन्न वाढलं नाही, पाण्याचा ताण दिलेल्या ज्वारीत वाढलं. कोरडवाहू शाळूवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

गव्हाचं उत्पन्न वाढतं, पण ते फुकट नाही. ५५० भागांच्या आसपास कर्ब ठेवून घेतलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्क्यांनी आणि प्रथिनं ६ टक्क्यांनी घटलेली आढळली. पोतं भरेल, चपातीतला कस उतरेल. ज्वारी-मक्यात एवढी घट दिसली नाही.