दोन कान, दोन माईक

मंडळी, नारायणगावच्या फडातली ढोलकी पार लांबूनही ऐकू येते. तुणतुण्याचं तसं नाही, अन् आमच्या नातवंडांच्या गिटारचंही नाही. तारेचा आवाज नाजूक. तो टिपायचा तर मुळात माईक आला कुठून, हे आधी पाहू.

१९०२ साली गाइसबर्ग कलकत्त्यात आले आणि त्यांनी गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा माईक नव्हताच. कर्ण्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या जोरावरच सुई हलायची. खणखणीत गळा उमटे, तानपुरा मात्र विरून जाई. १९२५ साली विजेवरचं मुद्रण आलं आणि हलका आवाजही टिपता येऊ लागला.

पण जागा? उजवीकडचं डावीकडचं कळत नव्हतं. लंडनच्या ॲलन ब्लुमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये स्टिरिओचं पेटंट मागितलं. दोन माईक एकाच ठिकाणी, एकमेकांशी काटकोनात ठेवण्याची पद्धत आजही त्यांच्या नावानं ओळखतात. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून यातली गंमत आम्हांला फार वाटते. दिशा कुठल्याही एका कानात नसते. ती दोन कानांच्या फरकात असते. एकाच माईकचा आवाज दोन्ही बाजूंना वाजवला, तर तो स्टिरिओ होत नाही.

मग स्वस्ताई कुठून आली? १९६२ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत सेसलर आणि वेस्ट यांनी फॉइलचा इलेक्ट्रेट माईक तयार केला. त्यातल्या पडद्यावर विद्युतभार कायमचा साठवलेला असतो, त्यामुळे तो बाहेरून द्यावा लागत नाही. पूर्वी स्टुडिओपुरती असलेली गोष्ट त्यामुळे सामान्यांच्या खिशात आली.

आता खर्चाचं गणित. एक महागडा माईक घ्यावा की दोन साधे? स्टिरिओ हवं असेल तर दोन साधे, पण एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. छोट्या पडद्याचे कंडेन्सर घ्या. तारेची टणत्कार ते नीट धरतात. त्यांना बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तेव्हा तो देणारा, दोन माईक लागणारा ऑडिओ इंटरफेस आधी पाहा. नाहीतर माईक आणून नुसते बघत बसाल.

जागेचं म्हणाल, तर भोकासमोर माईक ठेवू नका, घुमतो. बाराव्या पट्टीसमोर हातभरापेक्षा थोडं कमी अंतर ठेवा. दोन्ही तोंडं एकाशेजारी एक, काटकोनात. दूर दूर ठेवले तर आवाज एकेकाला वेगळ्या वेळी पोचतो, आणि फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकताना काही सूर एकमेकांना खातात. म्हणून मुद्रण झालं की एकदा फोनवर ऐकाच. खोलीत गोधडी टांगा. सिमेंटच्या भिंतींचा घुमारा कुठलाही माईक लपवत नाही.

आणि गिटारवर हात बसला की तीच जोडी घेऊन गावातल्या वीणेकऱ्याकडे, तुणतुणेवाल्याकडे जा. कर्ण्याच्या काळात तानपुरा हरवला, त्याला इलाज नव्हता. आज इलाज आहे, आणि ती बोटं अजून तारेवर आहेत. ती थांबल्यावर कितीही भारी माईक आणला तरी काय टिपणार?