मुकुट गेला, नांगर राहिला

जुनी जर्मन पिस्तुलं जमवणाऱ्यांना आपण छांदिष्ट म्हणून सोडून देतो. पण अशाच एका पिस्तुलावरच्या शिक्क्यात आपल्या गोव्याचा इतिहास आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्याचं ‘पॅराबेलम’ पिस्तूल जगात रचनाकार गेऑर्ग लुगरच्या नावाने ओळखलं जातं. पोर्तुगालने ते घेतलं तेव्हा गादीवर राजा दुसरा मानुएल होता. त्यामुळे लष्कराच्या पिस्तुलांच्या चेंबरवर मुकुट आणि त्याखाली ‘एम २’ ही राजमुद्रा, तर नौदलाच्या पिस्तुलांवर मुकुट आणि नांगर. ५ ऑक्टोबर १९१० रोजी राजसत्ता उलथली, राजा परागंदा झाला. नौदलाच्या पुढच्या पिस्तुलांवर मुकुटाऐवजी ‘आर. पी.’, म्हणजे पोर्तुगीज प्रजासत्ताक, ही अक्षरं आली. नांगर मात्र तसाच राहिला.

आपल्याकडेही नेमकं हेच घडलं. प्रजासत्ताकाने गोव्यातल्या हिंदूंना समान नागरिक मानलं. सरकारी नोकरीची दारं उघडली, मराठी शाळांना, वाचनालयांना, नियतकालिकांना बळ आलं. पण सालाझारच्या १९३० च्या वसाहत कायद्याने पुन्हा दुय्यमपणा लादला. १९४३ मध्ये त्याच सालाझारच्या सैन्याने जर्मनीच्या मौझर कारखान्याकडून साडेचार हजारांवर लुगर घेतली. वसाहतीचा नांगर आपल्या किनाऱ्यावरून निघायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

पिस्तुलाइतकंच त्याचं कातडी होल्स्टरही बोलकं असतं. निपाणीजवळच्या बोरगावात एका घरी मी असं जर्मन होल्स्टर पाहिलं. आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, तिथून ते आलेलं. पिस्तूल नाही, नुसतं कातडं. जादा मॅगझिनचा कप्पा शाबूत होता. पाठीवर साल आणि कारखान्याच्या नावाऐवजी सांकेतिक अक्षरं. युद्धकाळात जर्मन कारखाने अशी अक्षरं उमटवत. घरच्यांनी मायेने वर्षानुवर्षं तेल चोळलेलं. त्या भागात चपलेला तेल पाजायची रीतच आहे. पण जुनं कातडं जास्त तेलाने मऊ पडून आकार सोडतं, शिक्केही बुजतात. इथेही सालाचा शेवटचा आकडा गेला होता.

पिस्तुलाची गोष्ट वेगळी. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना हवाच. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराणवस्तूलाच सूट आहे. होल्स्टर मात्र कुणीही ठेवू शकतो. तेव्हा पोटमाळ्यावर असं काही सापडलं तर घासूनपुसून चकचकीत करू नका. आधी शिक्क्यांचे फोटो काढा, आणि ते घरात कुणी, कुठून आणलं हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.